माझ्याच रक्ताने बरे झालेले वीसजण

मागच्या महिन्यात नंदुरबारच्या बाजारात एका दुकानदाराशी मी असा भांडलो, की शेवटी त्याच्या मुलानं मला हाताला धरून पायरी उतरवून दिली. कारण एक बाटली. हिरवट रंगाचा काढा आणि सोबत घडी घातलेला कागद. कागदावर छापलेलं: सातपुड्यातल्या एका पाड्यावर वीस रुग्णांना गजग्याचं औषध दिलं, सातव्या दिवशी वीसच्या वीस जणांचं रक्त हिवतापापासून मुक्त आढळलं.

दुकानदार म्हणाला, "काका, शास्त्रीय शे. रगत तपासेल शे."

मी म्हणालो, "तपासेल शे, पण कोनं?"

त्याला वाटलं मी म्हातारपणी भ्रमिष्ट झालोय. आता तुम्हाला खरं सांगतो. त्या कागदातलं वीसच्या वीस जणांचं रक्त माझं होतं.

साठ-एकसष्टचा सुमार. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्याचेच. मी रनाळ्याचा, मॅट्रिकला दोनदा नापास, आणि सरकारी हिवताप मोहिमेत घरोघर फिरणारा कामगार. लोक मला नावानं ओळखत नसत, सुईवाला म्हणत. काम सोपं होतं, असं ते नेमणाऱ्यांना वाटायचं. दर पंधरवड्याला ठरलेल्या पाड्यांतल्या प्रत्येक घरी जायचं. "कोनले ताप उना का?" विचारायचं. कुडाच्या भिंतीवर खडू उमटत नाही, म्हणून दाराच्या फळीवर तारीख आणि सही टाकायची. ज्याला ताप आला असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं. एक जाडा थेंब, शेजारी एक पातळ थर. पट्टीवर नंबर, वहीत नाव. मग चार कडू गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. पट्ट्या खाली ऑफिसात जात. तिथं दुर्बिणीखाली रक्तात जंतू दिसले, तर पुन्हा जाऊन पुरा उपचार द्यायचा.

सोपं काम. फक्त दोन घरांमधे एक डोंगर असायचा. आणि महिन्याला अमुक पट्ट्या आल्याच पाहिजेत, असा हुकूम होता. डोंगरात ताप नसला तर पट्ट्या आणायच्या कुठून, हे हुकमात नव्हतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी याचं उत्तर आपापल्या बोटांवर शोधलं होतं. मीही शोधलं होतं. दोन-चार पट्ट्या कमी पडल्या की डाव्या हाताची करंगळी कामाला येई. कोणी विचारलं नाही. आकडा भरला की साहेब खूश, साहेब खूश की मी खूश.

माझ्या हद्दीतल्या सगळ्यात वरच्या पाड्यावर वेस्ता नावाचा पावरा आदिवासी म्हातारा होता. झाडपाल्याचं औषध देणारा. घरात पावरी बोले, माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माझा वैरी. ऑफिसातल्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलंच होतं, की असल्या लोकांशी त्यांचं अज्ञान दूर करण्याच्या भाषेत बोलायचं. मी अज्ञान दूर करायला तोंड उघडलं, तर त्यानं खाटेवर हात आपटला.

"बठ. दमेल शे तू. पानी पे, मंग माले शिकाड."

पाणी प्यालो. त्यानं चुलीतून भाजलेले गजगे काढले. गजगा म्हणजे सागरगोटा. मुली ज्यांनी खेळतात तेच राखाडी टणक बी. फोडलं की आत पांढरा गर, कडू असा की जीभ दिवसभर आठवण ठेवते. तो गर आणि मिरी कुटून हा हिवतापाला द्यायचा. मला चाखायला दिला. माझं तोंड पाहून पाड्यातल्या बाया हसून हसून वाकल्या.

"तुन्ही गोळी कडू, मन्हा गजगा बी कडू," वेस्ता म्हणाला. "ताप काय येडा शे, दोन्हीसले भ्यास."

आणि तो रोग्याला दोन्ही देई. गजगा खाल्ला की म्हणे, "आते सुईवाला ई, त्याले बोट दे." मी त्याचं अज्ञान दूर करायला गेलो होतो आणि तो माझे रोगी गोळा करून ठेवायचा.

त्याची एक रीत मात्र मला तेव्हा गमतीची वाटली. औषधाचा नारळ तो लगेच घेत नसे. तीन बाजार जाऊ द्यायचा. बाजार आठवड्याचा, म्हणजे तीन आठवडे. तेवढ्यात पुन्हा थंडी वाजली, तर नारळ नाही. मी विचारलं, "तीन बाजार काबरं? ताप तं दुसऱ्याच दिवशी उतरस."

"उतरस नि फिरी येस," तो म्हणाला. "एक दिन येस, एक दिन नही येस. जो दिन नही येस, तो दिन लोके म्हणतस वेस्तानं बरं कयं. मी काय कयं? ताप जपेल व्हता."

म्हणजे ताप झोपला होता. हिवतापाची पाळी दिवसाआडची असते आणि जंतू आत दडून बसतात, हे मला प्रशिक्षणात आठ दिवस शिकवलं होतं आणि परीक्षेत मी चुकवलं होतं. या माणसाला ते माहीत होतं, आणि त्यावर त्यानं आपल्या नारळाची रीत बसवली होती.

त्या वर्षी भादव्यानंतर डोंगरात तापाचा कहर झाला, आणि त्याच सुमाराला आमच्या ऑफिसात एक मोठे डॉक्टर आले. नाव सांगत नाही. ते गेले, आणि माणूस वाईट नव्हता, हेच तर माझं दुखणं आहे. खादीचा कोट, खिशात दोन पेनं, आणि मनात एक ध्यास: परदेशी गोळ्यांवर देशाचा पैसा जातो, आपल्या डोंगरात औषध उगवतं, ते जगाला दाखवायचं. वेस्ताच्या गजग्याची गोष्ट त्यांच्या कानावर घातली कोणी? मी. साहेबांवर छाप पाडायला.

यात चूक काही नव्हती, हे मी आजही म्हणतो. क्विनीन हेच मुळात एका झाडाच्या सालीतून आलं. पुढे चिनी लोकांनीही एका रानटी झुडपातून हिवतापाचं औषध काढलं. वनस्पतीत औषध नसतं असं म्हणणारा मूर्ख. पण आहे की नाही, हे रक्त पाहून ठरवायचं असतं, आणि रक्त ज्याचं त्याचंच असावं लागतं.

डॉक्टरांनी ठरवलं: पाड्यातले वीस रोगी घ्यायचे, रक्तात जंतू दिसलेले. त्यांना सात दिवस फक्त गजगा. सातव्या दिवशी पुन्हा रक्त. "आणि या काळात त्या वीसजणांना आपली एकही गोळी द्यायची नाही. नाहीतर कशानं बरे झाले ते कळणार कसं?"

मी चाचरत म्हणालो, "साहेब, त्यात एक बाई दिवस गेलेली आहे. वेस्ताची सून, रायली. सहावा महिना आहे."

"मग तर परदेशी गोळी नकोच," डॉक्टर म्हणाले. वरिष्ठांनी मान डोलावली. मीही डोलावली. खालच्या माणसाची मान डोलायलाच केलेली असते.

वेस्ताला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सातच दिन? तीन बाजार ऱ्हाऊ दे ना."

"साहेबाचा हुकूम सात दिवसांचा आहे."

"साहेबले ताप येस का रे कधी?"

पहिलं रक्त मी इमानदारीनं घेतलं होतं. चढून, धापा टाकत, वीसही बोटं त्या वीसजणांची. हे लिहून ठेवा, कारण माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

सातव्या दिवशी सकाळी मी निघालो. वाटेत लोणखेड्याला बहिणीचं घर. पायात नवे कॅनव्हासचे बूट, ते चावत होते. बहिणीनं वांगी भाजायला टाकली होती. कळण्याची भाकर, वर कच्चं तेल, हिरव्या मिरचीचं भरीत. मी म्हटलं, खाऊन निघतो. खाल्लं. मग म्हटलं, जरा पडून निघतो. उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि डोंगर होता तिथंच, तेवढाच उंच.

मग मी विचार केला. सगळे बरे झाले आहेत असं मागच्या खेपेला ऐकलंच होतं. ताप उतरलाय म्हणजे जंतू मेलेत. मेलेले जंतू काय माझ्या रक्तात नाहीत, काय त्यांच्या, फरक काय? तुम्ही हसाल, पण त्या ओट्यावर भरीत खाल्लेल्या पोटी मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. मी पट्ट्या मांडल्या. दहा बोटं, प्रत्येकाला दोन टोचण्या.

बहीण दारात येऊन उभी. "भाऊ, हाई काय करी ऱ्हायना रे?"

"सरकारी काम शे, बाई."

"मंग सरकारना बोटले टोच ना. तुन्हा बोटले काबरं?"

सतराव्या पट्टीवर मी रायलीचा नंबर लिहिला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं रक्त.

दुर्बिणीवर आमचे शेखभाई. गावात चार पिढ्या राहिलेल्या घरातले, बाप घड्याळं दुरुस्त करायचा. तीच नजर यांच्याकडे आलेली. चौथ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"बीसों साफ हैं," ते म्हणाले. "एक भी जंतू नहीं."

"वा!"

"वा नहीं. बीसों के पेट में कीड़े हैं."

"डोंगरातली माणसं, असतात जंत."

"हां. मगर बीसों के पेट में बराबर उतनेच?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. पोटात जंत असले की रक्तात एका जातीच्या तांबूस पेशी वाढतात. वीसही पट्ट्यांत त्या सारख्याच वाढलेल्या होत्या. शेखभाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भैया, तू जुलाब ले."

मी जुलाब घेतला. शेखभाईंनी मैत्रीखातर तोंड मिटलं. वीस पट्ट्या निर्दोष म्हणून नोंदल्या गेल्या. डॉक्टरांनी ऑफिसात पेढे वाटले. भाषण केलं. माझी पाठ थोपटून म्हणाले, "या मुलानं डोंगर पायाखाली घातला." मी बुटांकडे पाहत उभा राहिलो, त्यांना तो विनय वाटला. अहवाल वर गेला. आणि यश एवढं मोठं, की डॉक्टरांनी प्रयोगाचा दुसरा टप्पा जाहीर केला: आणखी महिनाभर त्या पाड्यावर गोळ्या बंद.

पुढच्या फेरीला मी वर गेलो, तेव्हा पाड्यात आवाज नव्हता. दारादारांत गोधड्या. वेस्ताच्या अंगणात रायली उन्हात बसली होती, पाच गोधड्यांत, आणि दात वाजत होते. ओठ पांढरे. पोट तेवढं गोधडीतून दिसत होतं.

"पाळी फिरी उनी," वेस्ता म्हणाला. "बठासले, घरोघर. मन्हा गजगा हारना. लिखी ले तुन्ही वहीमा, वेस्ताना गजगा हारना. नि गोळ्या दे."

माझ्या पिशवीत गोळ्या होत्या. दुसऱ्या गावांच्या. हात घालायचा अवकाश.

आणि मी काय म्हणालो? "हुकूम नाही बाबा. मी खाली जाऊन परवानगी आणतो."

वाचकहो, मी आयुष्यात पुष्कळ गाढवपणा केला आणि बराचसा चारचौघांत हसून सांगितला आहे. हे वाक्य सांगताना मला हसू येत नाही. हुकमाची भीती हे निम्मंच खरं. गोळ्या दिल्या असत्या तर ताप परत आला हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग कोणीतरी विचारलं असतं, सातव्या दिवशी काय पाहिलंस. मी त्या बाईच्या बोटाला सुई टोचली, या वेळी तिच्याच, आणि उतरलो.

शेखभाईंनी पट्टी लावली आणि लगेच मान वर केली. "रायली के खून में चाँद निकला है." मेंदूवर जाणाऱ्या हिवतापाचे जंतू रक्तात चंद्रकोरीसारखे दिसतात. त्यांनी मला दंडाला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं.

मी सगळं सांगितलं. भरीत, बूट, दहा बोटं. मला वाटलं, आता नोकरी गेली, पण गोळ्या सुटतील.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. "तू घाबरला आहेस," ते म्हणाले. "आधीच्या पट्ट्या तपासून नोंदलेल्या आहेत. आताच्या संशयास्पद आहेत. आणि खऱ्या असल्या तरी तिला नवे डास चावले असतील."

"साहेब, वो पहले का खून इसका था," शेखभाई म्हणाले. "मैं कीड़े पहचानता हूं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

आम्ही दोघेही खोटे, म्हणून आमचं खरंही खोटं. आणि कागद मात्र सोवळा!

तेवढ्यात दारात वेस्ता. मी परवानगी आणेन याची वाट न बघता तो पहाटेच डोंगर उतरून आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. डॉक्टर उठून उभे राहिले, त्याचा हात हातात घेतला, शिपायाला खुर्ची आणायला लावली. तो बसला नाही.

"साहेब, मन्हा गजगा ताप जपाडस. मारत नही," तो म्हणाला. "मन्हा मोठा आंडोर याच तापमा गया. मीच गजगा दिन्हा व्हता. माले ठाऊक शे. तुम्ही गोळी द्या."

डॉक्टरांचे डोळे भरून आले, खरोखर भरून आले. ते म्हणाले, "बाबा, तुला तुझ्या औषधाची ताकद माहीत नाही."

चाळीस वर्षं झाली असतील, जास्तच. हे वाक्य आठवलं की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. ज्यानं पोरगा गमावून औषधाची मर्यादा ओळखली, त्याला त्याचंच औषध शिकवणारा हा कोण? ऑफिसातले दुसरे लोक वेस्ताला अडाणी म्हणायचे, डॉक्टर त्याला ऋषी म्हणायचे. तो काय सांगतोय ते दोघांपैकी एकालाही ऐकायचं नव्हतं.

वेस्तानं त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्याकडे वळला. "पिशवी उघड."

मी उघडली. त्यानं आत हात घातला आणि मूठ भरून गोळ्या काढल्या. डॉक्टर काहीतरी म्हणत होते. मी पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्या मागून बाहेर पडलो. या वेळी डोंगर मधे कुठेच थांबला नाही, मीही नाही. बूट वाटेत काढून झाडाला टांगले.

रायली बेशुद्ध होती. गोळ्या पाण्यात कुस्करून वेस्तानं चमच्यानं तिच्या गालात सोडल्या. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस आम्ही घरोघर गोळ्या दिल्या. पिशवी रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी रायलीनं डोळे उघडले. चौथ्या दिवशी तिला कळा लागल्या. सहाव्या महिन्यातलं मूल, मुलगा, मेलेलाच आला.

मला ऑफिसातून मेमो मिळाला. खोट्या पट्ट्यांबद्दल नाही. त्या खऱ्या ठरल्याच होत्या. परवानगीशिवाय गोळ्या वाटल्याबद्दल. वेतनवाढ रोखली. अहवाल वर होता तो वरच राहिला, आणि कुठल्या कुठल्या कपाटांतून उतरत त्या बाटलीसोबतच्या कागदावर आला. पुढे मी भेटेल त्या डॉक्टरला विचारायचो, गजग्यात खरंच काही आहे का? कोणी म्हणे ताप थोडा कमी होत असेल, कोणी म्हणे नीट तपासायला हवं. नीट तपासायची एक संधी होती. ती मी भरतासोबत खाल्ली.

मेमो मिळाल्यावर पुढच्या फेरीला मी पाड्यावर गेलो. वहीत घरातल्या माणसांचा रकाना भरायचा होता. रायली दारात बसून डाळ पाखडत होती. तिला अहिराणी येत नसे, पण तिनं मला हाक मारून थांबवलं आणि पावरीत काहीतरी विचारलं. वेस्ता मधे बसला होता. तो खाली बघत म्हणाला, "ती पुसस, कागदवर तिन्हं नाव व्हतं ना?"

"होतं."

"नि रगत तुन्हं?"

त्याला मी सांगितलं होतं. "हो."

रायलीनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या वहीकडे बोट करून एकच वाक्य बोलली. मी वेस्ताला अर्थ विचारला.

"ती म्हणस," तो म्हणाला, "तिन्हा नाववर तुन्हं रगत लिखं. मंग तिन्हं पोर कोना नाववर लिखशी?"

मी वही उघडली. जन्मलेल्यांना रकाना होता. मेलेल्यांना रकाना होता. त्या दोन्हींच्या मधे एक छापील रेघ होती. मी पेन्सिल हातात धरून त्या रेघेकडे पाहत राहिलो, आणि ती बाई माझ्याकडे.